दहा फवारे

आमच्या हॉस्पिटलात मला मागून 'फौजदार' म्हणतात, हे मला पहिल्यापासून माहीत आहे. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. रोग्यांचा आजार इथे काम करणाऱ्यांना लागू नये हे बघणारी नर्स, असं माझं पद. आता ते बघायचं म्हणजे दिवसभर दुसरं काय करायचं? हात धुतले का, हातमोजे बदलले का, सुई डब्यात गेली का, मास्क नाकाखाली उतरलाय का, हेच. मोठमोठ्या डॉक्टरांना मी भर कॉरिडॉरमध्ये थांबवून हात धुवायला परत पाठवलेलं आहे, आणि खोटं कशाला बोलू, त्यात मला मजा यायची. नाकाने कांदे सोलणारी बाई अशी माझी ख्याती होती आणि ती मी मेहनतीने कमावली होती.

हे आधी सांगून टाकते, कारण पुढे जे सांगायचं आहे ते एखाद्या गबाळ्या, कामचुकार बाईने केलं असतं तर तिला एवढी लाज वाटायचं कारण नव्हतं.

छातीच्या वॉर्डात एक मामा आहेत. त्यांना सगळेच मामा म्हणतात, त्यांच्याहून वयाने मोठे पेशंटसुद्धा. पेशंटला एक्स-रेला न्यायचं, चादरी बदलायच्या, थुंकीच्या डब्या गोळा करून प्रयोगशाळेत पोचवायच्या, ज्याला उठवत नाही त्याला भरवायचं, ही त्यांची कामं. दहा-बारा वर्षांपूर्वी पंखा पुसताना ते शिडीवरून पडले आणि डोकं मागून आपटलं. हाड शाबूत राहिलं, पण तेव्हापासून वास गेला तो गेलाच, आणि त्याच्या मागोमाग चवही. तिखट तेवढं झोंबायचं. गोड, खारट, कडू सगळं एकच.

ही गोष्ट गुपित नव्हती. एकदा वॉर्डातल्या पोरींनी त्यांच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं, तर मामांनी अख्खा कप संपवून वर 'आज चहा बरा जमलाय' म्हणून सांगितलं. पोरी हसून हसून भिंतीला टेकल्या. मीही हसले होते. मामा स्वतःही हसले. ज्याला नाक आहे त्याने या वॉर्डात यावंच कशाला, असं ते म्हणायचे, आणि जे काम करताना बाकीच्यांना मळमळायचं ते न सांगता उचलायचे. त्यांना त्या वॉर्डाचा अभिमान होता. रिटायर व्हायला चार वर्षं उरली होती आणि ती त्यांना तिथेच काढायची होती.

आता मास्कच्या परीक्षेचं सांगते. क्षयाच्या पेशंटजवळ जायचं तर साधा मास्क चालत नाही, चेहऱ्याला घट्ट बसणारा लागतो. आणि तो कितीही भारी असला तरी गालापाशी केसाएवढी फट राहिली की हवा तिथूनच आत शिरते. हवा मोठी आळशी, सोपी वाट धरते. म्हणून प्रत्येकाला मास्क नीट बसतो का ते तपासावं लागतं. माणसाला मास्क लावायचा, डोक्यावरून समोर पारदर्शक खिडकी असलेलं एक टोपडं चढवायचं आणि टोपड्याच्या भोकातून गोड पाण्याचे बारीक फवारे आत मारायचे. मान हलवा, वाका, मोठ्याने वाचा असं करून घ्यायचं. जिभेला गोड लागलं तर मास्क गळतोय, नाही लागलं तर पास.

पण त्याआधी एक पायरी असते. मास्क न लावताच टोपडं चढवायचं, त्याच गोड पाण्याचे, पण आणखी पातळ केलेले फवारे मारायचे आणि बघायचं, की या माणसाला मुळात चव लागते का. दहा फवाऱ्यांत लागली तर रकान्यात दहा लिहायचं, वीस लागले तर वीस. तीस होऊनही काही कळलं नाही, तर त्या माणसाची ही परीक्षा घ्यायचीच नाही. त्याच्यासाठी मास्कची गळती मोजणारं यंत्र मागवायचं. आंधळ्याला 'अंधार आहे का' विचारण्यात काय अर्थ आहे? इतकी ही साधी गोष्ट.

गेल्या वर्षी तपासणी पथक येणार म्हणून अधीक्षकांचा निरोप आला: एकशे चाळीस जणांच्या मास्कची परीक्षा चार दिवसांत झालीच पाहिजे. जिभेची पायरी धरली तर माणशी वीस-बावीस मिनिटं लागतात. ती गाळली तर बारा. मी कागदावर हिशेब मांडला आणि तो फक्त बारानेच सुटत होता. मला आणखी चार दिवस मागता आले असते. पण 'फौजदाराला जमलं नाही' हे कोणी म्हणावं, ही कल्पनाच मला सहन होण्यासारखी नव्हती.

पहिल्या सहा जणांची जीभ मी नीट तपासली. सहाच्या सहा जणांना दहाच्या आत चव लागली. मी म्हटलं, लागतेच की सगळ्यांना. सातव्यापासून ती पायरी गाळली आणि रोज संध्याकाळी, दार लावून, त्या रकान्यात दहा, दहा, दहा लिहीत गेले. मध्ये मध्ये दोन-चार ठिकाणी वीस टाकले, खरं वाटावं म्हणून. हे आज लिहितानाही माझी मान वर होत नाही.

मामांचा नंबर तिसऱ्या दिवशी दुपारी आला. टोपडं चढवल्यावर म्हणाले, मी आता चंद्रावर निघालो, घरी सांगा. रांगेतले हसले. मी मधल्या मापाचा मास्क दिला होता, सगळ्यांना देत होते तोच. मामांच्या दाढा कधीच गेलेल्या, गालफडं बसलेली; त्या गालांकडे नीट बघितलं असतं तरी पुरे होतं. मी फवारे मारले. काही लागतंय का विचारलं. काही नाही म्हणाले. मान हलवून झाली, वाकून झालं, आग विझवायच्या सूचनांचा कागद वाचून झाला. पुन्हा विचारलं, पुन्हा काही नाही. आणि मग टोपड्याच्या आतून ते म्हणाले,

"सिस्टर, मला तसंही कुठे काय लागतं?"

मागे अकरा माणसं ताटकळत उभी होती. मी म्हटलं, "मामा, मध्ये बोलू नका. अजून दोन मिनिटं आहेत."

ते गप्प बसले. ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय मला नाही, कारण मी उत्तर दिलं होतं. मी त्यांच्या कार्डावर 'पास'चा शिक्का मारला आणि पुढच्याला बोलावलं. पथक आलं, फायली चाळल्या, शंभर टक्के काम बघून खूश झालं. अधीक्षकांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं आणि मी मान किंचित लववून ते घेतलं.

सात महिन्यांनी मामा खोकायला लागले. आधी त्यांनी धूळ म्हटलं, मग हवा बदलली म्हटलं. वजन उतरलं तेव्हा त्यांच्या बायकोने हाताला धरून त्यांना एक्स-रेसाठी आणलं. आमच्या इथे त्यांना सगळे मामी म्हणतात. फोटोत क्षय दिसला. थुंकीतले जंतू तपासले तर ते एका औषधाला दाद देत नव्हते, आणि अगदी तसलेच जंतू नऊ नंबरच्या खाटेवरच्या मास्तरांचे होते. त्या मास्तरांना मामांनी महिनाभर भरवलं होतं, पाठ चोळली होती. म्हणजे आजार कुठून आला याबद्दल शंकाच उरली नाही. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. मामांच्या चार वर्षांच्या नातीच्या चाचणीत संसर्ग निघाला. आजार नव्हता, पण तो होऊ नये म्हणून काही महिने गोळ्या सुरू झाल्या.

कर्मचाऱ्याला कामावर असा आजार लागला की चौकशी होते. ती चौकशी कोण करतं? मी. फॉर्म माझाच, सही माझीच. त्यात कारणाचे तीन चौकोन आहेत: मास्क उपलब्ध नव्हता, मास्क चेहऱ्याला बसत नव्हता, कर्मचाऱ्याने मास्क नीट वापरला नाही. यातल्या एकावर खूण करायची.

मामांना मी तळमजल्यावरच्या खोलीत बोलावलं. खिडक्या सताड उघड्या ठेवल्या, त्यांना लांबच्या खुर्चीवर बसवलं. मी माझा मास्क लावला होता. माझी स्वतःची चाचणी मी त्या सहा जणांत करून घेतली होती, जिभेसकट, अगदी शिस्तीत.

मला वाटत होतं, आता मामा म्हणतील, मी सांगितलं होतं की तुम्हाला. त्याचं उत्तर मी रात्रभर जुळवून आणलं होतं. ते हाताची नखं बघत म्हणाले,

"सिस्टर, तुमच्यापाशी एक कबूल करायचंय. त्या टोपड्याच्या परीक्षेत मी तुम्हाला फसवलं."

मी माझ्या मास्कची पट्टी नीट केली.

"मला चव नाही हे मी तुम्हाला नीट समोर बसून सांगायला हवं होतं. एकदा तोंडातून निघून गेलं, तुम्ही गप्प बसा म्हणालात, मला बरंच वाटलं. म्हटलं, सुटलो. नापास झालो असतो तर मला वॉर्डातून काढून धुलाईखात्यात टाकलं असतं, म्हणून मी पुन्हा तोंड उघडलं नाही. तुम्ही एवढ्या काटेकोर, आणि तुमच्याच डोळ्यांत मी धूळ फेकली. माझं जाऊ दे, पोरीला गोळ्या खाव्या लागतायत."

इथे बोलायला हवं होतं. वाक्य एवढंसं होतं: मामा, मी ऐकलं होतं, चूक माझी आहे. ते जिभेवर आलं होतं, हे मी शपथेवर सांगते. पण तेवढ्यात मला दिसलं की मला काही बोलायची गरजच नाही. सगळं हा माणूसच आपल्या अंगावर घेतोय. आणि मी म्हटलं, "असू द्या मामा. झालं गेलं."

"माफ केलंत?"

"केलं."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून मी थांबायला हवं होतं, पण मी थांबले नाही. फॉर्म पुढे ओढून मी विचारलं, की मामा, एखादे वेळी पाणी प्यायला वगैरे मास्क खाली घेतला असेल ना तुम्ही? ते माझ्याकडे बघत राहिले. मग, आपल्यावर उपकार करणाऱ्या माणसाला अडचणीत टाकू नये अशा आवाजात म्हणाले, "घेतला असेल, सिस्टर. लिहा तसं." मी तिसऱ्या चौकोनावर खूण केली.

पंधरा दिवसांनी अधीक्षकांचा आदेश निघाला. मामांच्या कामाच्या नोंदीत निष्काळजीपणाचा शेरा, आणि बरे होऊन परतल्यावर नेमणूक धुलाईखात्यात.

त्यानंतर मी कशी वागले ते सांगायलाही संकोच वाटतो. मी फार चांगली वागले. मामांच्या गोळ्या वेळेवर मिळतात का, रक्ताचे रिपोर्ट आले का, यासाठी मी चार वेळा जिने चढउतार केले. वॉर्डातल्या पोरी म्हणाल्या, फौजदार वरून फणसासारखी, आतून गोड. मी फळं घेऊन त्यांच्या घरीसुद्धा गेले.

मामींनी मला चांगली खुर्ची दिली. नात जमिनीवर बसली होती, सून तिला गोळीची पूड पाण्यात कालवून देत होती आणि ती थुंकत होती. मामा बाल्कनीत वेगळ्या स्टुलावर बसलेले. डॉक्टरांनी आता त्यांच्यापासून धोका नाही सांगितलं होतं, तरी ते आत येत नव्हते. मामी मला म्हणाल्या, की सिस्टर, तुम्ही जीव तोडून शिकवता आणि आमचे हे मास्क गळ्यात अडकवून फिरतात. या वयात अक्कल शिकवायची तरी कशी? मामा ऐकत होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो तसा असतो. एका शब्दाने त्यांना सोडवणं माझ्या हातात होतं. मी नातीला म्हटलं, शहाणी ना तू, आणि फळांची पिशवी ठेवून निघाले.

त्या दिवसापासून मला कोणाला हात धुवा म्हणणं जड जायला लागलं. कोणी मास्क खाली घेतलेला दिसला तरी मी दुसरीकडे बघायची. पोरींना वाटलं, बाई मवाळ झाल्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे मी आयुष्यभर दुसऱ्यांबद्दल म्हणत आले होते.

पुढच्या महिन्यात अधीक्षकांनी मला सांगितलं, की मामांच्या प्रकरणावर सगळ्यांचा एक वर्ग घ्या. नाव घेऊ नका, पण चांगला धडा आहे. मी नाही म्हणू शकले नाही; कोणत्या तोंडाने म्हणणार? दुपारी मोठ्या हॉलमध्ये साठ-सत्तर जण जमले. अधीक्षक पहिल्या रांगेत. मी भिंतीवर चित्र दाखवलं, एका माणसाच्या गळ्यात लोंबणारा मास्क. म्हटलं, आपल्यातल्याच एका कर्मचाऱ्याने निष्काळजीपणा केला आणि त्याचं फळ आज त्याचं कुटुंब भोगतंय. सगळ्यांना माहीत होतं तो कर्मचारी कोण. कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

शेवटी मी सवयीने विचारलं, काही शंका? छातीच्या वॉर्डातली एक नवी नर्स उठली. मुलगी हुशार आहे, पण जरा भित्री. म्हणाली, "सिस्टर, त्या परीक्षेच्या दिवशी मला सर्दी होती. नाक, जीभ सगळं बंद होतं. मला गोड लागलं नाही आणि मी पास झाले. आता नऊ नंबरवर माझी ड्युटी लागलीय. माझं कार्ड चालेल ना?"

चालेल म्हणणं किती सोपं होतं. एक शब्द, आणि चहाची वेळही झालीच होती. ती माझ्याकडे ज्या विश्वासाने बघत होती ना, तसंच मामांनी बघितलं होतं. 

"नाही चालणार," मी म्हटलं. "कोणाचंच चालणार नाही. पहिले सहा जण सोडले तर मी कोणाची जीभ तपासलीच नव्हती. रकाने मी घरबसल्या भरावेत तसे भरले. मामांना चव लागत नाही हे मला माहीत होतं. त्यांनी त्या दिवशी सांगितलंही होतं. मी त्यांना गप्प केलं."

 अधीक्षक उठले, माझ्याकडे न बघता म्हणाले, माझ्या खोलीत या.

त्या खोलीत जे ऐकलं ते माझ्या लायकीचंच होतं, ते इथे उगाळत नाही. सगळी कार्डं रद्द झाली. दुसऱ्या हॉस्पिटलातून परीक्षा घेणारी एक नर्स आली, यंत्र आलं, आणि तीन आठवडे नव्याने परीक्षा चालली. मला फवारे मारायला ठेवलं नव्हतं, नावं पुकारायला ठेवलं होतं. एकशे चाळीसपैकी सव्वीस जणांचे मास्क गळत होते. सर्दीवाल्या पोरीचाही. सव्वीस वेळा ती बाहेरची नर्स मान वर करून माझ्याकडे बघायची आणि मी पुढचं नाव पुकारायची.

मामांनाही यंत्रावर बसवलं. मधला मास्क दोन्ही गालांकडून गळत होता. लहान मापाचा लावला, पहिल्या फटक्यात बसला. लहान मापाचे मास्क आमच्या कोठारात वर्षभर पडून होते, खोकीही फोडलेली नव्हती. ती मीच मागवली होती आणि मीच ठेवून दिली होती. मामांना त्या वेळी काय चाललंय ते कोणी सांगितलं नाही. सगळ्यांचीच पुन्हा परीक्षा आहे, एवढंच सांगितलं. ते आजारपणाच्या रजेवर, हॉलमधलं त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. पोरी म्हणाल्या, सिस्टर, तुम्हीच सांगा.

चौकशीचा फॉर्म मी बदलला. तिसऱ्या चौकोनावर काट मारली, दुसऱ्यावर खूण केली आणि खाली सही केली. मामांच्या नोंदीतला शेरा काढून टाकला गेला, नेमणूक वॉर्डातच राहिली. अधीक्षकांच्या कार्यालयातून त्यांना तसं पत्र गेलं. मला पत्राची प्रत मिळाली. 'मास्क योग्य मापाचा नसल्याचे आढळून आल्याने' असं त्यात होतं. चूक होती, पण ती कोणी केली ते नव्हतं. दोन दिवस मी स्वतःला समजावत राहिले, की झालं की, पत्र गेलंय, सगळं सुरळीत झालंय. मग तिसऱ्या दिवशी ड्युटी संपल्यावर गेले.

दार मामांनीच उघडलं. आता ते आत बसायला लागले होते, बाल्कनीतलं स्टूल रिकामं होतं. पत्र टेबलावर उलगडून ठेवलेलं. त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"सिस्टर, हे तुम्हीच केलंत ना? माझ्यासाठी शब्द टाकलात. मी हिला म्हटलंच, हे दुसऱ्या कोणाचं काम नाही."

मामी स्वयंपाकघरातून चहा घेऊन आल्या. सून नातीचे केस विंचरत होती. मी हात सोडवून घेतले. म्हटलं, मामी, जरा बसा, तुमच्या सगळ्यांसमोर सांगायचंय. आणि सांगितलं. जिभेची पायरी, बारा मिनिटं, खोटे दहा आणि खरे वाटावेत म्हणून टाकलेले वीस. कोठारातली खोकी. मामांनी मास्क कधीच खाली घेतला नव्हता, घेतला असेल हे मीच त्यांच्या तोंडून वदवून घेतलं. हे सगळं मी चहाच्या कपाकडे बघून बोलले.

मामा मध्येच म्हणाले, "नाही हो सिस्टर, मीच तुम्हाला सांगायला..."

"तुम्ही सांगितलं होतं, मामा. मला ऐकू आलं होतं."

ते थांबले. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी हळूहळू उतरत गेलं. मला वाटलं होतं ते चिडतील, आणि चिडले असते तर मी ते सोसलं असतं. ते फक्त त्या टोपड्यातला तो दिवस आठवत होते, मी काय बोलले, त्यांनी काय ऐकलं; आणि मी बघत होते की त्यांना आठवलं. सुनेने नातीला उचललं आणि आत नेलं. केस अर्धेच विंचरून झाले होते.

 मामींनी नवऱ्याकडे बघितलं, इतके महिने ज्याला त्या रोज टोचून बोलल्या होत्या त्याच्याकडे, आणि डोळे पदराने पुसले नाहीत की हाताने, तसेच वाहू दिले. मग माझ्याकडे वळल्या. आवाज अजिबात चढला नव्हता.

"तुम्ही चौकशीला बोलावलं होतं ना, त्या दिवशी हे घरी येऊन रडले. म्हणाले, मी सिस्टरना फसवलं आणि त्यांनी मला एका शब्दाने दुखवलं नाही, माफ केलं. रोज देवापुढे तुमचं नाव घेतात." त्यांनी टेबलावरच्या पत्राची घडी घातली. "तुम्ही ह्यांना माफ कशाबद्दल केलंत?"

मला माफ करा, असं म्हणायलाच तर मी आले होते. वाटेत ते चार वेळा घोकलंही होतं. मी तोंड उघडलं, पण तो शब्द त्या घरात मला काही केल्या बोलता येईना.